रक्तातले न वाचलेले निरोप

[पडद्यावर अंधार. सूक्ष्मदर्शकाखाली एकटी, गोल पेशी. काही क्षण कुठलाच आवाज नाही.]

ही पेशी अजून कोणीच झालेली नाही. तांबडी नाही, पांढरी नाही. तिला रक्ताची मूळपेशी म्हणतात. एरवी ती अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतल्या मऊ गरात, बराच काळ नुसती पडून असते. आत्ता मात्र ती विभागण्याच्या बेतात आहे.

एकीच्या दोन होतील. मग पुढे? दोघी आईसारख्याच राहतील? दोघी कामाला लागतील? की एक मागे थांबेल आणि दुसरी घर सोडेल? दर वेळी दोघींनीही घर सोडलं, तर हळूहळू भांडवलच संपेल आणि नवं रक्त तयार होणं थांबेल. दर वेळी दोघी मागेच राहिल्या, तर हाडांच्या पोकळीत बिनकामाच्या पेशींची नुसती गर्दी होईल. ही दुसरी शक्यता लक्षात ठेवा. तिच्याकडे परत यायचं आहे.

प्रौढ माणसाच्या शरीरात दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी नव्याने तयार होतात. एक तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, प्लेटलेट जेमतेम आठ-दहा दिवस. म्हणजे ही भट्टी कधी विझूच शकत नाही. आणि ती पेटती ठेवणाऱ्या मूळपेशी किती? २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी ५९ वर्षांच्या एका निरोगी माणसाच्या रक्तपेशींचे १४० जनुकसंच वाचले, त्यांतल्या बारीकसारीक फरकांवरून पेशींची वंशावळ मांडली आणि अंदाज काढला: ५० हजार ते २ लाख. रक्ताच्या एका थेंबात याच्या कैक पट तांबड्या पेशी असतात.

[जुनी कृष्णधवल छायाचित्रं. टोरोंटो, १९६०च्या आसपास.]

मूळपेशी आहेत हे कळलं तेच मुळी आडवाटेने. टोरोंटोच्या कर्करोग संस्थेत जेम्स टिल हे भौतिकशास्त्रज्ञ आणि अर्नेस्ट मॅकलक हे डॉक्टर किरणोत्साराचा अभ्यास करत होते. अणुबॉम्बच्या धास्तीचा तो काळ. प्रश्न असा होता की, किती किरणोत्सार दिला की अस्थिमज्जेच्या पेशी मरतात? त्यांनी उंदरांना जीवघेणी मात्रा दिली, मग दुसऱ्या उंदरांची अस्थिमज्जा टोचून त्यांना वाचवलं. दहाएक दिवसांनी मॅकलक यांनी त्या उंदरांच्या प्लीहा तपासल्या, तर त्यांच्यावर छोट्या छोट्या गाठी उठलेल्या. जितक्या जास्त पेशी टोचल्या, तितक्या जास्त गाठी. एकेक गाठ एकेका पेशीपासून वाढली असावी, हा त्यातून निघालेला तर्क. त्यांचा निबंध १९६१ मध्ये छापून आला. अँड्र्यू बेकर या त्यांच्या विद्यार्थ्याबरोबर १९६३ मध्ये त्यांनी पुरावाही दिला: किरणोत्साराने गुणसूत्रांवर उमटलेली एकच विशिष्ट खूण गाठीतल्या पेशींमध्ये सापडत होती. सगळ्या एकाच आईच्या लेकी.

आता तारखेची गंमत पाहा. त्याच १९६१च्या मे महिन्यात ‘नेचर’च्या एकाच अंकात लागोपाठ दोन निबंध आले. पेशीच्या केंद्रात जपून ठेवलेल्या डीएनएमधली माहिती प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेपर्यंत कोण पोचवतं, याचं उत्तर त्यांत होतं. संदेशवाहक आरएनए. जनुकाची अल्पजीवी नक्कल. एक निरोप.

एकाच वर्षी दोन शोध. पण त्यांची नीट गाठ पडायला जवळजवळ अर्धशतक लागलं.

याचं एक कारण मला फार मानवी वाटतं. निरोप निघाला म्हणजे काम झालं, असं आपण धरून चालतो. जनुक चालू झालं, आरएनए तयार झाला, आता प्रथिन होणारच. वर्षानुवर्षं प्रयोगशाळांमधून जनुक ‘चालू की बंद’ हेच मोजलं गेलं. पण निरोप निघणं वेगळं आणि तो वाचला जाणं वेगळं. मधल्या वाटेवर आरएनए कापला जातो, जोडला जातो, त्याच्यावर खुणा केल्या जातात, त्याला कोणीतरी धरून ठेवतं, कोणीतरी फाडून टाकतं. पेशीचं नशीब बऱ्याचदा या मधल्या वाटेवर ठरतं.

मराठीत ‘निरोप’ या एकाच शब्दात सांगावाही येतो आणि रजा घेणंही. इथे दोन्ही अर्थ लागू पडतात. मूळपेशीतला निरोप वाचला गेला की मूळपेशी निरोप घेते.

[ॲनिमेशन: पेशीच्या आत आरएनएचे असंख्य धागे, फार थोड्यांवर प्रथिन बनवणारी रायबोसोम.]

रक्ताच्या मूळपेशी मुळात कमी बोलणाऱ्या. २०१४ मध्ये डॅलसमधल्या शॉन मॉरिसन यांच्या प्रयोगशाळेने उंदरांच्या अस्थिमज्जेतल्या वेगवेगळ्या पेशी किती वेगाने प्रथिनं बनवतात, हे मोजलं. मूळपेशींचा वेग इतर बहुतेक रक्तपेशींपेक्षा कमी निघाला. हा आळस म्हणावा, तर तसं नाही. वेग आणखी घटवला तरी त्यांचं काम बिघडलं आणि वाढवला तरी बिघडलं. त्यांना तो संथपणा हवाच असतो. म्हणजे निरोप असूनही ते न वाचण्याची काहीतरी व्यवस्था तिथे असली पाहिजे.

त्या व्यवस्थेतल्या एका पहारेकऱ्याची ओळख फळमाशीच्या अंगावरच्या केसांमुळे झाली.

[फळमाशीच्या पाठीचं मोठं केलेलं छायाचित्र. राठ केस.]

फळमाशीच्या अंगावर स्पर्श ओळखणारे राठ केस असतात. एकेका जागी एक केस. एका मूळ पेशीची विभागणी होत होत त्या जागेच्या चार निरनिराळ्या पेशी तयार होतात: केसाची, त्याच्या खोबणीची, चेतापेशी आणि तिचं आवरण. १९९४ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी अशी माशी नोंदवली, जिच्यात एक जनुक बिघडलं होतं आणि एका जागी दोन-दोन केस उगवत होते. जिने चेतापेशी व्हायचं, तीही केस बनवायला बसली होती. दोन केस पाहून त्यांना आठवला सतराव्या शतकातला दोन तलवारी घेऊन लढणारा सामुराई, मियामोतो मुसाशी. जनुकाचं नाव पडलं मुसाशी. (फळमाशीवाल्यांची नावं ठेवायची हौस हा एका वेगळ्या चित्रपटाचा विषय होईल.)

मुसाशी प्रथिन करतं काय? ते आरएनएला चिकटतं. नेमके कोणते निरोप धरायचे हे त्याला कळतं, आणि धरलेल्या निरोपाचं प्रथिन होऊ देत नाही. त्याने अडवलेल्या निरोपांपैकी एक फार महत्त्वाचा: नंब. हे नावही माशीवरूनच आलं; इंग्रजीत नंब म्हणजे बधिर. हे जनुक गेलं की माशीच्या संवेदना बधिर होतात. पेशी विभागताना नंब प्रथिन एका बाजूला गोळा होतं. जिच्या वाट्याला ते येतं, तिची वाट बदलते.

माणसात आणि उंदरात मुसाशी भावंडं दोन. मुसाशी-१चा अभ्यास मुख्यतः मज्जासंस्थेत झाला. रक्ताच्या मूळपेशींत ठाण मांडून बसलेलं निघालं मुसाशी-२.

[बोस्टन. प्रयोगशाळेतली दृश्यं.]

२०१०. मायकेल खारास त्या वेळी बोस्टनमध्ये जॉर्ज डेली यांच्या प्रयोगशाळेत संशोधन करत होते. रक्ताच्या मूळपेशीचं मूळपेशीपण कोण टिकवतं, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी उंदरांमध्ये मुसाशी-२ वाढवून पाहिलं. एरवी निवांत असणाऱ्या मूळपेशी विभागणीच्या चक्रात ओढल्या गेल्या. जोडीला रक्ताच्या कर्करोगाचं कुप्रसिद्ध जनुक बीसीआर-एबीएल असेल, तर आजार फार आक्रमक झाला. उलट, माणसाच्या ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, पेशींत मुसाशी-२ कमी केलं तर त्या पेशींची वाढ मंदावली आणि त्या मरू लागल्या. ज्या रुग्णांमध्ये मुसाशी-२ जास्त, त्यांचं भवितव्य वाईट, असंही आकडे सांगत होते.

आणि इथेही योगायोग आहेच. त्याच उन्हाळ्यात ड्यूक विद्यापीठातून तनिष्ठा रेया यांच्या गटाचा निबंध आला, वेगळ्या वाटेने त्याच दारापाशी पोचलेला.

[परत पहिली पेशी. आता तिच्यात हिरवा उजेड. ती लांबट होते, मधोमध आवळते.]

रेया यांच्या गटाने २००७ मध्येच एक देखणं काम केलं होतं. रक्ताच्या पूर्वज पेशी चमकणाऱ्या प्रथिनाने रंगवून त्यांच्या विभागणीचं चित्रीकरण. जिचा उजेड टिकला ती अजून अपक्व. जिचा मावळला ती कामाला निघालेली. काही विभागण्यांत दोन्ही लेकी उजळ, काहींत दोन्ही अंधाऱ्या, काहींत एक-एक. कर्करोगाची दोन जनुकं घालून पाहिल्यावर फरक दिसला तो असा. बीसीआर-एबीएलने या वाटणीचं गणित बदललं नाही; पेशी फक्त जास्त जगल्या, जास्त वाढल्या. दुसऱ्या एका जनुकाने, एनयूपी९८-हॉक्सए९ने, गणितच फिरवलं. दोन्ही उजळ, परत दोन्ही उजळ, परत दोन्ही उजळ.

सुरुवातीला जी दुसरी शक्यता लक्षात ठेवायला सांगितली होती, ती हीच.

२०१० मध्ये त्यांनी हे चित्र पुरं केलं. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा आजार आधी बरीच वर्षं संथ चालतो. त्या काळात पेशी वाढतात, पण मोठ्याही होतात, म्हणजे पक्व होतात. मग एका टप्प्यावर तो बिथरतो आणि रक्तात नुसत्या अपक्व पेशी भरतात. डॉक्टर त्याला ब्लास्ट क्रायसिस म्हणतात. संथ टप्प्यात नंब भरपूर, मुसाशी-२ कमी. बिथरलेल्या टप्प्यात नेमकं उलटं. पहारेकऱ्याची संख्या वाढलेली, आणि ‘मोठी हो’ असं सांगणारा निरोप त्याच्या मुठीत. मुसाशी-२ काढून घेतलं, तर नंब परत आलं आणि आजाराचा जोर ओसरला.

इथे थोडं थांबायला हवं, कारण ल्युकेमियाबद्दलची एक समजूत फार पक्की आहे: पेशी बेसुमार वाढतात, म्हणून कर्करोग. हे खोटं नाही, पण अर्धंच आहे. रुडॉल्फ व्हर्चोव्ह यांनी १८४५ मध्ये ‘पांढरं रक्त’ म्हणून या आजाराचं वर्णन केलं आणि पुढे ल्युकेमिया हे नाव दिलं, तेव्हा दिसत होती ती गर्दीच. पण तीव्र प्रकारच्या ल्युकेमियात खरी मेख अशी की, या पेशी मोठ्या होत नाहीत. अस्थिमज्जा त्यांनीच भरून जाते, कामाच्या पेशींना जागा उरत नाही. रुग्णाला रक्तक्षय होतो, जंतुसंसर्ग होतो, रक्तस्राव होतो.

[शांघाय. रुग्णालयाची जुनी इमारत.]

पेशींना मारण्याऐवजी मोठं केलं तर? हा नुसता कल्पनाविलास नाही. शांघायमध्ये वांग झेनयी यांनी १९८५ मध्ये एका पाच वर्षांच्या मुलीला, जिला प्रोमायलोसायटिक नावाचा झपाट्याने जीव घेणारा ल्युकेमिया होता, जीवनसत्त्व ‘अ’शी नातं असलेलं एक औषध दिलं: ऑल-ट्रान्स रेटिनॉइक आम्ल. अपक्व पेशी पक्व झाल्या. मुलगी बरी झाली. आज हे औषध आणि आर्सेनिक यांच्या जोडीने या एका प्रकारचे बहुतेक रुग्ण बरे होतात. अडचण इतकीच की, तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या बाकीच्या प्रकारांना ही किल्ली लागत नाही. त्यांचं कुलूप कुठे आहे तेच शोधायचं होतं.

[न्यूयॉर्क, यॉर्क ॲव्हेन्यू. रस्त्याच्या दोन बाजूंना दोन उंच इमारती.]

खारास यांनी आपली प्रयोगशाळा न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रात थाटली. रस्त्यापलीकडे वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालय, आणि तिथे समी जॅफ्री. आरएनएच्या रासायनिक अक्षरांवरच्या एका बारीक खुणेचा माग काढणाऱ्यांमधलं हे एक ठळक नाव. खूण म्हणजे मिथाइल गटाचा एक ठिपका, ‘ए’ या अक्षरावर. तिचं नाव एम६ए. ती आहे हे १९७४ पासून माहीत होतं, पण कुठे कुठे आहे हे पाहायची सोय नव्हती. २०१२ मध्ये नकाशा निघाला तेव्हा सात हजारांहून जास्त जनुकांच्या आरएनएवर ठिपके सापडले. कोणता निरोप आधी वाचायचा, कोणता लवकर टाकून द्यायचा, हे या ठिपक्यांवरून बरंचसं ठरतं.

ठिपका उमटवणारं विकर मेट्टल-३. २०१७ मध्ये खारास यांच्या प्रयोगशाळेतल्या ली वू आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की, तीव्र मायलॉइड ल्युकेमियात मेट्टल-३ वाढलेलं असतं. ते कमी केलं तर ल्युकेमियाच्या पेशी पक्व होऊ लागतात आणि मरतात. या ठिपक्यांमुळे मिक आणि बीसीएल-२ यांसारख्या निरोपांचं प्रथिन जास्त बनत होतं. एक पेशीला वाढायला लावतं, दुसरं मरू देत नाही. त्याच वर्षी केंब्रिजच्या टोनी कुझारिदेस यांच्या गटानेही मेट्टल-३वरच बोट ठेवलं.

मग सरळ निष्कर्ष काढावा, ठिपके जास्त म्हणजे वाईट? नाही. २०१७ मध्येच आणखी एक निबंध आला: ठिपके पुसणारं प्रथिन एफटीओ, तेही ल्युकेमियाच्या काही प्रकारांत आजार वाढवतं. लिहिणाराही गुन्हेगार, पुसणाराही गुन्हेगार. हे वाचून वैतागणारे असतील. मला ही या क्षेत्रातली सगळ्यात प्रामाणिक जागा वाटते. किती ठिपके आहेत यापेक्षा कोणत्या निरोपावर आहेत आणि कोणत्या पेशीत आहेत, यावर सारं अवलंबून आहे.

पण मग मुसाशीबद्दलही तोच प्रश्न येतो. निरोगी मूळपेशीतही तो आहे आणि कर्करोगाच्या मूळपेशीतही. दोन्हीकडे तो तेच निरोप अडवतो का?

[ॲनिमेशन: आरएनएच्या धाग्यावर सरकणारं प्रथिन, मागे उमटत जाणारे डाग.]

हे बघायचं तर घोडं पेंड खातं ते पेशींच्या संख्येपाशी. कोणतं प्रथिन कुठल्या आरएनएवर बसलं आहे हे शोधायच्या नेहमीच्या पद्धतींना पेशी लागतात लाखोंनी, कोट्यवधींनी. मूळपेशी तेवढ्या मिळतच नाहीत. इथे मदतीला आली ती परत फळमाशी. जैविक घड्याळावरच्या कामासाठी २०१७ मध्ये नोबेल मिळालेले मायकेल रॉसबॅश यांच्या प्रयोगशाळेत एक युक्ती निघाली होती. फळमाशीत एडार नावाचं विकर असतं, ते आरएनएतल्या ‘ए’ अक्षरात असा फेरफार करतं की नंतर वाचताना तिथे ‘जी’ दिसतो. हे विकर आपल्याला हव्या त्या प्रथिनाच्या शेपटीला बांधून टाकायचं. म्हणजे पहारेकऱ्याच्या बोटांना शाई लावली. तो ज्या ज्या निरोपाला हात लावेल, तिथे डाग राहील. मग आरएनए वाचायचा आणि डाग मोजायचे. थोड्या पेशींवरही भागतं.

खारास यांच्या गटाने मुसाशी-२च्या बोटांना अशी शाई लावली आणि २०२० मध्ये निकाल छापला. कर्करोगाच्या मूळपेशींत मुसाशी-२चा वावर निरोगी मूळपेशींपेक्षा वाढलेला होता, आणि त्याने धरलेले निरोपही सगळे तेच नव्हते. पहारेकरी एकच, पण इथे त्याची दंडेली जास्त.

औषधाच्या दृष्टीने हा फरकच सगळं काही आहे. निरोगी मूळपेशीलाही मुसाशी-२ लागतं. ते पुरतं काढून टाकलेल्या उंदरांत मूळपेशींचं भांडवल झिजतं. म्हणून ल्युकेमियाच्या पेशी जितक्या त्याच्यावर विसंबून, तितक्या निरोगी पेशी नाहीत, या फटीतूनच आत शिरायचं आहे. मुसाशीला आरएनए धरू न देणारा एक लहानसा रेणू याच गटाने २०१९ मध्ये उंदरांवर वापरून दाखवला. तो औषध नाही, औषध शक्य आहे याची ती खूण. मेट्टल-३ची गाडी त्यापुढे गेली. केंब्रिजमधून २०२१ मध्ये त्याला रोखणाऱ्या रेणूने ल्युकेमिया झालेल्या उंदरांचं आयुष्य वाढवलं, आणि २०२२ मध्ये तशाच एका औषधाची माणसांवरची पहिली चाचणी सुरू झाली. ती मात्र घन गाठींच्या कर्करोगांत.

[हॅमिल्टन, कॅनडा. बशीत वाढणाऱ्या पेशी.]

टोरोंटोहून तासाभराच्या अंतरावर हॅमिल्टन आहे. तिथल्या मॅकमास्टर विद्यापीठात क्रिस्टिन होप यांच्या प्रयोगशाळेला मुसाशी-२ हवं होतं, आणि जास्त हवं होतं. बाळाच्या नाळेतलं रक्त ल्युकेमियाच्या रुग्णाला प्रत्यारोपणासाठी देता येतं, पण एका नाळेत मूळपेशी इतक्या थोड्या की मोठ्या माणसाला त्या पुरत नाहीत. बशीत वाढवायला जावं, तर त्या मोठ्या होऊन निघून जातात. मूळपेशी राहतच नाहीत. होप यांच्या गटाने त्यांच्यात मुसाशी-२ची मात्रा वाढवली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात दीर्घकाळ टिकणाऱ्या मूळपेशी २३ पट झाल्या.

एका शहरात ज्या पहारेकऱ्याला हटवायची खटपट चालली आहे, दुसऱ्या शहरात त्यालाच जादा पाळीवर बोलावलं गेलं. निरोप अडवले गेले, पेशी थांबल्या, थांबल्या म्हणून वाढल्या. मग त्या उंदरांना टोचल्या. उंदरांच्या हाडांत जाऊन त्या बसल्या, आणि तिथे एकेक निरोप उघडत माणसाचं रक्त बनवू लागल्या.